चार वाजताच्या बाई

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुंभकोणमला माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर पूर्वी प्राथमिक शाळा होती. ती बंद होऊन तीन वर्षं झाली, गेट गंजलं, पण तिथल्या बाई अजून रोज चारला येतात. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा. डावा हात वर करून त्या मायिलाडुतुरैच्या बसगाड्या थांबवतात आणि रस्ता ओलांडतात. उजवा हात कमरेखाली, बोटं कशावर तरी अलगद मिटलेली. पावलं अगदी लहान, चार वर्षांच्या मुलाला झेपतील एवढी. पलीकडच्या थांब्यावर पाचपर्यंत उभ्या राहतात आणि तशाच परत येतात. त्यांना कोणी हसत नाही.

मला असले प्रकार आवडत नाहीत. एकदा विचारलंच, "टीचर, आता कोणाला नेता?"

"सगळी घरी गेली, सार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "एकीची आई अजून आली नाही. ती येईपर्यंत मूल माझ्याकडे."

गेल्या सोमवारी त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्या सरळ दुकानात आल्या.

"आज गाड्या उजव्या हाताने थांबवायच्या आहेत. तुम्ही हिला धरा."

वयस्कर बाईंना नाही कसं म्हणायचं? मी नुसता हात खाली धरला आणि निघालो. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, माझीही पावलं लहान पडत होती. पलीकडे पोचल्यावर मी ओशाळून मूठ उघडली.

हात लगेच सुटला नाही.