लीलाबाईंनी शिकवलेली अदब

लीलाबाई सामंत मूळच्या रत्नागिरीकडच्या, सिल्वासाच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हा त्यांचा धडा असा पक्का की पोरं पाढे विसरत, हा विसरत नसत. त्यांचा स्वतःचा सुधाकर तर त्यात कायम पहिला. बाप लहानपणीच गेलेला. आईचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. चौसष्ट साली तो सहवैमानिक झाला तेव्हा बाईंनी टोकरखाड्याच्या आपल्या वस्तीत घरोघर पेढे वाटले आणि पुढचा महिनाभर त्याच गोष्टीनं शेजाऱ्यांचे कान किटवले.

सहा महिन्यांनी तो दोन दिवस रजेवर आला. निघायच्या दिवशी आई चुलीपाशी असताना सहज बोलून गेला, "परवा जरा गंमतच झाली."

कॅप्टनसाहेबांची त्या दिवसातली ती चौथी फेरी. बसल्या जागी त्यांचे डोळे मिटत होते. ढगांत विमान हवं त्यापेक्षा बरंच खाली आलं. उंचीचा काटा सुधाकरला दिसत होता, पुढे घाटाचे डोंगर आहेत हेही ठाऊक होतं.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. त्यांची वीस वर्षं झालीत, मी काल आलेला. त्यांना कसं सांगायचं? आलं त्यांच्याच लक्षात."

लीलाबाई चुलीपासून वळल्या. पोराला मुकं आपणच केलं होतं.

"पुन्हा असं झालं तर बोलायचं. ओरडून बोलायचं. माझी शपथ आहे तुला."

"हो, आई."

देवाला नैवेद्य दाखवून त्यांनी त्याला वाढलं. तो पोटभर जेवला, आमटी दोनदा मागून घेतली, पाया पडला आणि वापीची बस गाठायला निघाला.

मग बाई पानावर बसल्या. पहिलाच घास घशाखाली उतरेना. त्या बोलण्याच्या भरात आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, आणि नैवेद्याचं म्हणून त्यांनी चाखून पाहिलं नव्हतं.

हात न धुताच त्या धावत सुटल्या. बस हलायच्या बेतात होती. खिडकीची दांडी धरून त्यांनी विचारलं, "सुधाकर, खरं सांग. आमटी कशी झाली होती?"

"छान झाली होती, आई," तो हसून म्हणाला.

बस निघाली. उद्या सकाळी सहा वाजता त्याला त्याच साहेबांच्या शेजारी बसायचं होतं.