चटणीवरचा राग

परंड्याच्या ठाण्यात प्रभारी असतानाचं ते प्रकरण आठवलं, की मला आजही हसू येतं.

तक्रारदार बाई शेंगाची चटणी करून ऑनलाइन विकत. धंदा वाढला, तसं त्यांनी पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं. सोशल मीडियावर लोक चटणीबद्दल काय लिहितात ते तपासून कोण खूश, कोण नाराज, हे कंपनीनं कळवायचं. कंपनीच्या सॉफ्टवेअरनं निष्कर्ष काढला, की आपल्याच जिल्ह्यातलं गिऱ्हाईक संतापलेलं आहे. बाई हादरल्या. त्यांचा संशय धाकट्या जावेवर होता. दोघींनी मिळून सुरू केलेल्या धंद्यातून ती भांडून बाहेर पडली होती.

"साहेब, ती माणसं लावून माझं नाव खराब करायलीय," बाई म्हणाल्या.

अर्ज चौकशीवर घेऊन मी जावेला जबाबासाठी बोलावलं. ती ताठ बसली. "धंदा सोडला म्या. पण चटणीला वाईट कशी म्हणंन? तिखट-मिठाचं माप म्याच बसवलंय." ती एवढंच बोलली. खोटं बोलणारा बहुधा न विचारलेलंही सांगत बसतो. मला ती खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. सगळ्यात जहाल लिहिणारा इसम ढोकीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर निघाला. निरोप मिळताच तो घाबरत ठाण्यात आला. मी त्याचीच कमेंट वाचून दाखवली, "तुमच्या चटणीनं आमच्या घरात भांडणं लावली. पार जीव घेतला." मग विचारलं, "कुणी लिहायला लावलं?"

"कुणी कशाला लावंल? डबा उघडला की पोरं भांडत्यात, साहेब. बायकूला बोटभर उरत न्हाय. लई बेक्कार लागती."

"बेक्कार म्हणजे वाईट?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "साहेब, तुमी कुठले?"

मी कोकणातला. मागं उभ्या हवालदारांना हसू आवरेना. "कौतुक करतोय तो, साहेब," ते म्हणाले.

मी पुण्याच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या मॅडमना हवालदारांनी एकेक कमेंट गावाकडच्या सुरात वाचून दाखवली. मॅडम आधी हसल्या, मग ओशाळल्या. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. खरी नाराजी निघाली ती फक्त डब्याच्या झाकणातून गळणाऱ्या तेलाबद्दल.

दोघी जावांना समोर बसवून मी हे सांगितलं. थोरलीनं विचारलं, "तू वाचल्या होत्यास ह्या कमेंटा?"

"रोज वाचते, अक्का."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

थोरलीनं डोळ्यांना पदर लावला आणि तक्रार मागे घेतली. जाताना दोघी एकाच स्कूटीवर बसून गेल्या. झाकण कसलं घ्यायचं, यावरून फाटकापर्यंत त्यांचा वाद चालला होता.

पुढं नोकरीत 'जीव घेईन' असे शब्द असलेल्या कितीतरी तक्रारी माझ्यासमोर आल्या. गुन्ह्याचं कलम ठरवण्याआधी मी फिर्यादीला एक प्रश्न हटकून विचारायचो, "तो हे म्हणाला, तेव्हा त्याचा चेहरा कसा होता?" निम्मे फिर्यादी तिथंच विचारात पडायचे.