भिडेखातर घेतलेला तांदूळ

पनवेल तेव्हा भाताच्या गिरण्यांचं गाव होतं. सकाळी जाग यायची ती गिरणीच्या भोंग्याने, आणि दोरीवर वाळत घातलेली लुगडी दुपारी काढायला जावं तर त्यांवर कोंड्याची भुकटी बसलेली असायची. अशा गावात हातसडीच्या तांदळाचं सहकारी भांडार काढणं म्हणजे कोळ्याच्या दारात मासे विकायला बसणं. पण गावातल्या चार शहाण्या माणसांना ते सुचलं, आणि त्या चारांत माझे वडील होते.

रेशन नुकतंच उठलं होतं. स्वातंत्र्याची नवलाई अजून पुरती ओसरली नव्हती. सहकार हा शब्द लोक तेव्हा देवाचं नाव घ्यावं तसा घेत. भांडाराचे अध्यक्ष गावातले नावाजलेले वकील होते. उद्घाटनाच्या दिवशी ते तासभर बोलले. आपल्या मातीत पिकलेलं आपण खायचं, गिरणीने सालपट काढलेला निःसत्त्व तांदूळ खाऊन पिढी दुबळी होते आहे, असं बरंच काही. मी शाळेत मास्तरीण होते, नुकतीच लागलेली. मला ते भाषण फार आवडलं. आता आठवलं की डोकं फिरतं.

भांडारात खाडीकडच्या मिठागरांतलं खडेमीठ असे, घाण्याचं तेल असे, कडवे वाल, आमसुलं, गूळ असे. पण खरा माल म्हणजे खारातला, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत पिकणारा तांबडा तांदूळ. गव्हाण गावाच्या बाजूने भात गाडीने यायचं आणि दुकानाला लागून असलेल्या पडवीत बायका ते घिरटाच्या जात्यावर भरडून उखळात सडायच्या. या पडवीची सगळी देखरेख माझ्या आत्याकडे होती.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासर रोह्याकडे, तिथे दिराचा मोठा बारदाना, आणि आत्या त्या घरात बिनपगारी राबत होती. एकदा तापाने फणफणलेली असताना वडील तिला बघायला गेले, तर ती तशाच अंगाने विहिरीवर धुणं धूत होती. त्यांनी तिला तिथूनच उचलून आणली. दीर म्हणाले, "न्या खुशाल, पण घर तिचं इथंच आहे." यात माया किती आणि हक्क किती, ते सगळ्यांना कळत होतं.

आमच्याकडे ती बरी झाली, पण तिचं मन काही लागेना. आई तिला कधी टाकून बोलली नाही, हे मी शपथेवर सांगते. तरी आत्या वाढून घेताना हात आखडता घ्यायची. "दादा, मी फुकट खाणार नाही. काही काम असेल तर राहीन, नाहीतर मला पोचवून ये," असं तिने वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं. परत जायच्या कल्पनेनेच तिचा चेहरा उतरायचा, तरी बोलली ते खरं करणारी बाई होती ती. म्हणून भांडाराची पडवी वडिलांनी तिच्या हाती दिली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. पडवी चालेल तोवर आत्या पनवेलात, हा सरळ हिशेब होता.

पडवीने आत्याचं रूप पालटलं. सडणाऱ्या बायका तिला 'बाय' म्हणत. ती त्यांच्याबरोबर सूप घेऊन पाखडायला बसे, त्यांच्या सुना-लेकींची गाऱ्हाणी ऐके, आणि वर त्यांची थट्टाही करी. पडवीच्या तोंडाशी, दुकानाच्या फळीकडे तोंड करून तिचा पाट असे. भांडारात येणारा प्रत्येक सभासद तिच्या समोरून जायचा. आत्या हसून विचारायची, "काय, मंडळी बरी आहेत ना?" आणि माणूस तेल-मीठ घेऊन झालं की तांबडा तांदूळही मागायचा. तांदूळ हातोहात खपत होता. नव्याचे नऊ दिवस म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पुढच्या सुगीला वडिलांनी जास्त भात आणवलं आणि आणखी बायका लावल्या.

त्या तांदळाविषयी एक खरं सांगायला हवं. तो शिजायला वेळ घेतो, सरपण खातो, आणि सवय नसलेल्याच्या पोटात दगडासारखा बसतो. आमच्या घरी तो आवडीने खात, कारण आत्या तो पेजेसकट असा काही रांधायची की वर नुसतं वालाचं बिरडं असलं की झालं. पण बाकीचं गाव युद्धाच्या काळापासून रेशनचा कुबट, खड्यांचा तांदूळ खाऊन कंटाळलेलं होतं. लोकांना पांढराशुभ्र, मोकळा, बारीक भात हवा होता. त्यात त्यांचं काय चुकलं? काही नाही. मग ते तांबडा तांदूळ नेत कशाला होते, हा प्रश्न आम्हाला कोणालाच पडला नाही. खपतो आहे म्हणजे खातात, असंच आम्ही धरून चाललो.

वैशाखात वकिलांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव मोठा पडला. भांडाराचे झाडून सगळे सभासद होते, आणि वकिलांनी अगत्याने सडणाऱ्या बायकांनाही जेवायला बोलावलं होतं. आत्या आदल्या दिवसापासून तिथे कामाला होती. विधवा बाई, मांडवात मिरवायची नाही, तेव्हा तिने स्वयंपाकघर धरलं. मी तिच्या हाताखाली होते.

ऐन पंक्तीच्या वेळी वकिलीणबाई आत्याला म्हणाल्या, "बाहेरच्या पंगतीसाठी तांबडा भात टाकायचाय. कोठीच्या खोलीत पिंप आहे, त्यातले तांदूळ काढा. तुमच्या बायकांना त्यांचाच तांदूळ गोड लागेल म्हणून मुद्दाम वेगळा करतेय हो. तेवढाच साठलेला संपेलही."

आम्ही दोघी कोठीत गेलो. एक नाही, तीन पिंपं होती, आणि तिन्ही काठोकाठ भरलेली. वरच्या थरात टोके, म्हणजे तांदळातले किडे, वळवळत होते. खालचा तांदूळ काढला तर त्याला जाळी धरलेली. भांडार सुरू झाल्यापासून वकिलांच्या घरी गेलेला तांदूळ एका दाण्याला हात न लावता तिथे पडून होता. आत्याने मूठभर तांदूळ हातावर घेतला आणि त्यातले टोके फुंकून टाकले. मला वकिलीणबाईंना तिथल्या तिथे चार शब्द सुनवावेसे वाटले. आत्याने माझा दंड धरला. म्हणाली, "लग्नघर आहे. सूप आण."

तिने तो तांदूळ चार वेळा पाखडला, धुतला आणि रांधला. आत मांडवात पांढरा भात वाढला गेला. बाहेर वाजंत्री, पाणके आणि सडणाऱ्या बायकांना तांबडा. आत्या त्यांना वाढायला स्वतः गेली. एकीने पानात भात बघितला आणि म्हणाली, "बाय, आमी सडलेला आमीच खातो. बरा हाय की." ती खुशीत होती, तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आत्याने तिला आणखी वाढला.

त्यानंतर मी दोन-तीन सभासदांच्या बायकांना खोदून विचारलं. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. कोणी तो मोलकरणीला देत होतं, कोणी म्हशीच्या आंबोणात घालत होतं, कोणाच्या माळ्यावर तो तसाच पडला होता. "काय करणार बाई, तुझी आत्या समोर बसलेली असते. बिचारीसमोरून तांदूळ न घेता यायचं म्हणजे जिवावर येतं," असं एकीने मला सरळ सांगितलं. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. इथे भीड लोकांना पडली होती आणि भीक आत्याच्या पदरात.

हे मी आत्याला कधीच सांगितलं नाही, आणि तिला सांगायची गरजही नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवशी ती पडवीत गेली आणि तिने आपला पाट उचलून आत, पार भिंतीशी नेला. दुकानाकडे पाठ करून बसली. मी शाळेतून येताना बघितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पाखडत होती आणि फळीशी गिऱ्हाईक उभं होतं.

"आत्या, हे काय? पुढे बस," मी म्हटलं.

"इथं उजेड बरा आहे," ती म्हणाली. तिथे उजेड मुळीच नव्हता.

मी तिच्याशी भांडले. हात जोडून सांगितलं की तू पुढे बसलीस तरच हा तांदूळ खपेल, आणि खपला नाही तर तुला कुठे जावं लागेल ते तुझं तुलाच माहीत आहे. ती ऐकून घेत होती आणि पाखडत होती. शेवटी म्हणाली, "मला बघून ज्यांना घ्यावं लागतं, त्यांच्यापुढे मी किती दिवस बसू?" तिचं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असण्यापायी तिचं वाटोळं होणार होतं, हे मला धडधडीत दिसत होतं.

तसंच झालं. महिनाभरात तांदळाची मागणी थांबल्यात जमा झाली. लोक तेल-मीठ घेत, पडवीकडे एक नजर टाकत, आतली पाठ बघत आणि सुटल्यासारखे निघून जात. सडलेला तांदूळ पावसाळी हवेत टिकेना. बायका एकेक करून कमी झाल्या. पावसाळा सरता सरता समितीची सभा झाली. तीत वकिलांनी पुन्हा छान भाषण केलं, की लोकशाहीत लोकांची आवड मानली पाहिजे. भांडाराने गिरणीचा तांदूळ ठेवावा असं ठरलं. वडील एकटे विरोधात बोलले आणि घरी येऊन काही न खाता झोपले. उखळं मोडीत गेली नाहीत एवढंच. ती मागच्या परसात पालथी घातली. पडवीत रॉकेलची पिंपं आली.

आत्याने जायचं ठरवलं. वडील म्हणाले, राहा, कशाला जातेस. आई तर रडली. मी माझ्या पगाराचं सांगितलं, तर म्हणाली, "तुझं उद्या लग्न होईल. मग?" दसरा झाल्यावर दीर स्वतः न्यायला आले. तिने पितळेचा डबा, दोन लुगडी आणि अंथरूण एवढंच बांधलं आणि एसटीत खिडकीशी बसली. गाडी सुटेपर्यंत ती आम्हालाच धीर देत होती.

पुढे दुसऱ्या दिवाळीला मी रोह्याला तिला भेटायला गेले. दुपार होती, घर जेवून सुस्तावलं होतं. आत्या मागल्या दारी भांड्यांच्या ढिगाशी बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून हरखली, हात पुसून मला गूळ-पाणी दिलं आणि पुन्हा भांड्यांना लागली. मी बसून राख देऊ लागले. तिने सडणाऱ्या बायकांची चौकशी केली. कोणी मिठागरावर गेल्या, कोणी गिरणीत पोती झाडतात, मी सांगितलं.

"आणि भांडार?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्यापुढे ते जमत नसे. "भांडार छान चाललंय. महिन्याच्या सुरुवातीला रांग लागते," मी म्हटलं.

तिचा चेहरा खरोखरच उजळला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मी तिथे बसत होते ना, लोकांना फार अवघडल्यासारखं व्हायचं. मला आधी कळायला हवं होतं."

मी ओरडलेच. म्हटलं, त्यांना कसलं अवघडतं, आत्या, वाटोळं तर तुझं झालं. मला रडू आवरेना. आत्याने घाबरून घराकडे बघितलं, राखेचा हात माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "हळू बोल गं. भावजी निजलेत."