भोळाप्पाची मोठी घंटी

फोन रफिकचा होता. दुपारच्या बॅचला घर्षण शिकवत होतो, म्हणून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर म्हणाला, "सर, अपना बसू गया..." भाचीच्या लग्नाला नांदेडला गेलेला माणूस. पंगतीत वाढता वाढता छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. उदगीरजवळच्या त्यांच्या शेतात माती देऊन आलो, तरी मला ते खरं वाटत नव्हतं. महिना होऊन गेला, अजूनही वाटत नाही.

बसूचं, म्हणजे बसवराजचं, लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकान. बैलांची दावी, कासरे, गोंडे, घुंगरमाळा. रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून आम्ही तिघं मागच्या गोदामात खेळायला बसायचो. पत्ते नव्हे हो! कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार होतात. गोष्ट सांगणारा मी, रफिक तलवारबाज. बसूला जादूगार व्हायचं होतं. जादूगाराचं सगळं बुद्धीवर चालतं आणि बुद्धी ठरते फाशांवर. पठ्ठ्यानं फासे टाकले, तर अगदी खालच्या पातळीचे मंत्र जेमतेम झेपावेत एवढीच बुद्धी पडली. म्हटलं, "परत टाक." तर म्हणतो कसा, "न्हाई सर. अख्ख्या लातुरात समदे हुशारच होऊन राहिले. एखादा ढ असू द्या की!" स्वतः बी.कॉम. फर्स्ट क्लास, बरं का. जादूगाराचं नाव ठेवलं भोळाप्पा.

खेळता खेळता भोळाप्पाची पातळी वाढली आणि आमची जुंपली. जादूगाराला दिवसाला ठरावीकच मंत्र. एकेका मंत्राच्या जागेला स्लॉट म्हणतात. पातळी वाढली की मोठ्या मंत्रासाठी मोठा स्लॉट मिळतो. पण मोठा मंत्र पेलायची अक्कल याच्याकडे कुठली? मी म्हटलं, स्लॉट रद्द. बसू पेटलाच. "का म्हून? वाघाशी लढलाय त्यो, हिरीत पडलाय. जागा त्यानं कमावली हाय. मोठं सामान न्हाई तर लहान ठिवीन, पर जागा माझी!" मी तणतणत नियमांचं पुस्तक काढलं, मोठ्यानं वाचलं... आणि नियम त्याच्याच बाजूनं निघाला. बुद्धी कमी असली तरी मिळालेला स्लॉट जात नाही. त्यात खालचा मंत्र ठेवता येतो. रफिक इतका हसला की हातातला चहा सांडला.

तेव्हापासून बसू पितळी ताटलीत घुंगरं मांडायचा. लहान स्लॉटला लहान घुंगरू, मोठ्याला बैलाच्या गळ्यातली टपोरी घंटी. मंत्र वापरला की वाजवून बाजूला ठेवायची. मोठ्या घंटीत कायम एकच मंत्र, उजेडाचा. एवढुसा! मी चिडायचो, "अरे, तो लहान घुंगरातही मावतो, इथं कामाचं काहीतरी ठेव!"

"ऱ्हाऊ द्या सर. जाताना जोर असतोय, कुणीबी जातंय. परतताना उजेड लागतोय."

शेवटच्या रविवारी आम्ही गुहेच्या तळाशी होतो. मशाल विझलेली, लहान घुंगरं संपलेली. बसूला नांदेडची गाडी गाठायची होती. "थांबा हितंच. आलो की काढतो तुमाला भाईर," म्हणून तो उठला.

परवा बसूच्या बायकोनं, महादेवी वहिनींनी मला आणि रफिकला बोलावलं. दुकान आता त्याच बघतात. या खेळाला त्या 'बाप्यांची भातुकली' म्हणायच्या. गोदामात ताटली तशीच होती. बसूशिवाय खेळ कसला, बंद करायचा, असं आम्ही दोघांनी वाटेतच ठरवलं होतं. मी फासे गोळा करायला लागलो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "त्यो भोळाप्पा... ह्यांच्यासंगं त्यालाबी मारलं का तुमी?"

रफिक म्हणाला, "नहीं भाभी. गुहेत हाय. आमीबी तिथंच हाव."

"अंधारात?"

"हाव."

वहिनींनी मोठी घंटी उचलली. "हिच्यात उजेड हाय, म्हनायचे हे." आणि वाजवली. एकाचा मंत्र दुसऱ्याला म्हणता येत नाही, असा नियम आहे. गेला खड्ड्यात! गोष्ट सांगणं माझं काम, ते मी केलं. उजेड पडला, पायऱ्या दिसल्या, पुढे भोळाप्पा, मागे रफिक... वर येईस्तोवर माझा आवाज फाटला होता. रफिक तर सरळ रडत होता.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "आता ही परत कवा भरायची?"

नियम सोपा आहे, तो मी सांगितला. "जादूगार झोपून उठला की..."

वहिनींनी घंटी त्याच पदरानं पुसली आणि परत ताटलीत ठेवली. "झोपू द्या मंग त्याला. लई दमलंय. तुमी रविवारी या."