टँकरच्या रांगेत बोलायला शिकलेली लेक

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही औशात राहत होतो. माझ्या यजमानांचं बस स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लातूरला राहायला गेली, कारण तिच्या नवऱ्याची कलेक्टर कचेरीत नेमणूक झाली होती. अक्काची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वयाच्या. अक्काकडे गेलं की तिची लेक पाहुण्यांसमोर हात जोडून कविता म्हणायची. माझी लेक चार वर्षांची होऊनही 'आई' म्हणत नव्हती.

शेवटी अक्कानंच आम्हाला लातूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, हिला फार कमी ऐकू येतं. यंत्र लावू, पण नुसत्या यंत्रानं भागणार नाही.

"समोर बसून बोला. ओठ दिसू द्या. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवा आणि बोलत राहा," ते म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर, "अक्काची पोरगी आता पाढे बी म्हणते."

हे दुकानातले काळे हात पुसत होते. म्हणाले, "म्हणू दे की. लई गुणाची पोरगी हाय ती. पण तू तिचंच बोलणं ऐकत बसलीस, तर आपल्या पोरीशी बोलणार कोण?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच असेल, ते बोलणं मनात राहिलं.

ते साल दुष्काळाचं होतं. गल्लीतला आड कधीच आटला होता. टँकर कधी सकाळी यायचा, कधी उन्हं कलल्यावर, त्यामुळे घागरी मांडून तासन् तास बसावं लागे. घरात कामापुढे बोलायला सवड मिळत नसे, इथे सवडच सवड. मी लेकीला समोर बसवायची, तिचा तळवा माझ्या गळ्याला लावायची आणि म्हणायची, "घागर. बादली. मावशी."

सुरुवातीला बायका बघत राहायच्या. मग शेजारच्या मावशींनी विचारलं, "हे काय करायलीस गं?" मी सांगितलं. त्यांनी पदर बाजूला केला, पोरीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि गल्ली दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, "बोल, मा-व-शी!" त्या दिवसापासून लेक रांगेतल्या प्रत्येकीच्या मांडीवर बसू लागली. कुणी तिला बांगडी दाखवून शब्द सांगे, कुणी भाकरी.

उन्हाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. टँकर आला होता आणि मावशी बोलण्याच्या नादात जागच्या हलेनात. माझ्या लेकीनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि खणखणीत म्हणाली, "पुडं!"

रांगेत दिवसभर हाच शब्द चालायचा, पुढं व्हा, पुढं सरा. तो आम्ही कुणीच तिला शिकवला नव्हता. तिनं आमच्या ओठांवरून तो उचलला होता. मावशी आधी थबकल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. "होते गं बाई, होते पुढं," म्हणत त्यांनी तिला कडेवर घेतलं. माझी घागर भरायची राहून गेली, ती दुसऱ्याच कुणीतरी भरून दिली.

'आई' हा शब्द पुढच्या थंडीत आला. ऐकायला अक्का होती. सुट्टीला ती लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिची पोरगी माझ्या पोरीसमोर मांडी घालून एक एक ओळ सावकाश म्हणत बसायची. तिच्या तोंडच्या कविता मला इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या.

माझी लेक आता नांदेडला असते. तिथं शिवणकाम शिकवते. तिचं बोलणं जरा जड आहे, नवख्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. ती दोनदा सांगते. मुली ओठांकडे बघत ऐकतात आणि तीही त्यांच्याकडे बघतच ऐकते. मी गेले की वर्ग सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहते. मला तिथून उठावंसंच वाटत नाही.