ओव्हरटाइम न धरता घेतलेलं घर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर शहपुऱ्याचे मटार सोलले. संध्याकाळी, दारात बसून. माझ्या हातून एक किडका दाणा भांड्यात पडला, तर म्हणाली, "पाहून टाका ना, काहून घाई करता?" सकाळी ती उठलीच नाही.

ही माझी बायको. रांझीत फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये तिला सगळे खजांची बाई म्हणत. शिक्षण दोघांचंही बेताचंच, पण तिला फसवणारा अजून जन्मायचा होता.

रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं. तोवर घर झालं नाही, तर म्हातारपणी भाड्यानं भटकायचं, ही धास्ती. मला एक दुमजली घर आवडलं. दलाल म्हणाला, "भैया, बैंक तो पूरा दे रही है." ती मधेच बोलली, "बैंक देगी, भरेगा कौन? तू?"

घरी मी हिशोब सांगितला. तिनं त्यातून ओव्हरटाइम काढून टाकला. "ओव्हरटाइम म्हणजे पाहुणा. त्याच्या भरवशावर संसार मांडत नसतात." मी चिडलो. सगळी फॅक्टरी ओव्हरटाइम धरूनच घरं घेत होती.

मग तिनं आपली रीत काढली. "चला, घर घेतलं समजा." पगार झाला की दुमजलीचा हप्ता आधी डालड्याच्या रिकाम्या डब्यात, उरल्यात घर चालवायचं. उन्हाळ्यापर्यंत टिकलो. मग ओव्हरटाइम बंद पडला, त्यात पोराला टायफॉइड. डबा उघडावा लागला. मी तोंड पाडून बसलो.

"रडून काहून राहिले? घर नाही गेलं, डबा गेला."

नंतर दोन खोल्यांचं घर पाहिलं. त्याचाही हप्ता तसाच डब्यात टाकून पाहिला. माझ्या बहिणीचं लग्न झालं, दिवाळी झाली, डब्याला हात लागला नाही. "हे पेलते," ती म्हणाली, तेव्हा कुठे बयाणा दिला. नोकरी संपायच्या आत घराचं कर्ज फिटलंसुद्धा. आमच्या लाइनीत असं म्हणणारे फार नव्हते.

तिला घाटावर पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, अकेले कैसे रहोगे? घर विकून टाकू, चला आमच्याकडे."

"माझ्या पेन्शनीत बसते हे घर," मी म्हटलं. "कोणाचं देणं नाही. मी कुठे जात नाही."

तो आणखी बोलणार होता, पण नळ आला. मी उठलो आणि पाणी भरलं.