शपथेनं फरक पडला नाही

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसते. शाळा चौथीनंतर सुटली. तरी लिहा-वाचायला येतं म्हणून गेल्या वर्षी पंचायतीनं मला शाळांच्या पोषण आहाराच्या तपासणीला घेतलं. शिरूर तालुक्यातल्या आम्ही दहा-बारा बायका होतो. शाळेच्या स्वयंपाकघरात जायचं, तांदूळ तोलून बघायचा, डब्यांची झाकणं, पाण्याचं पिंप, डाळीतली कीड बघायची आणि जे चुकलं असेल ते तक्त्यावर लिहायचं.

या तपासणीवर पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी तिच्या पीएचडीसाठी अभ्यास करत होती. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला मावशी. निम्म्या जणींच्या तक्त्यावर सगळ्यात वर शपथ छापलेली होती: मी कुणाची चूक झाकणार नाही, खरं तेच लिहीन. त्याखाली सही करूनच पुढचं लिहायचं. बाकीच्यांचा तक्ता तसाच, फक्त शपथ नाही. माझ्या तक्त्यावर शपथ होती. सही करताना माझी कानशिलं तापली. आमच्या गावात आधीच बोलणं चालू होतं की बाया बायांना सांभाळून घेतात, स्वयंपाकिणींच्या चुका झाकतात. सरपंचांच्या शेजारी बसणारे एक आप्पा तर उघड म्हणाले होते, "येत्या ग्रामसभेत हे काम गड्यांकडं द्या."

काम संपल्यावर मॅडमनं आम्हाला बोलावून सांगितलं की बऱ्याचशा चुका तिनंच पेरल्या होत्या. स्वयंपाकिणींना विश्वासात घेऊन कुठं झाकण काढून ठेवलं होतं, कुठं पोत्यातला तांदूळ कमी केला होता. शपथवाल्या बायका जास्त चुका पकडतात का, हे तिला बघायचं होतं. तर दोन्हीकडच्या बायकांनी जवळजवळ सगळ्या चुका पकडून लिहिल्या होत्या. फरक काहीच नव्हता.

मला इतकं बरं वाटलं! पण मॅडमचा चेहरा उतरलेला.

"मावशी, फरक नाही म्हणजे काहीच सापडलं नाही. असलं कुठल्या संशोधनपत्रिकेत छापत नाहीत म्हणतात आमचे मार्गदर्शक सर. आपण परत एक फेरी करू. शपथ जरा कडक करू. तुमच्याकडं देवाचा भंडारा उचलून शपथ घेतात ना, तशी."

आमच्यातल्या थोरल्या आक्का खो खो हसल्या. "अवो मॅडम, भंडारा भावकीचा तंटा मिटवाया उचलत्यात. डब्याच्या झाकनापायी देवाला कशाला उठवता?"

"आन् आमच्यात भंडारा न्हाईच," मी म्हणाले. आम्ही बौद्ध. एवढं बोलले, तेच त्या दिवशी पुष्कळ झालं.

संध्याकाळी दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ही शपथ आमच्या दौंडाकडं कवाच हून गेली! दुसऱ्या कॉलेजचे सायब व्हते. आमी उन्हातानात गावं पालथी घातली. मागनं त्यांचा मानूस म्हनला, काय फरक न्हाई, समदं फुकट गेलं. कुनी पुन्यांदा तोंड दावलं न्हाई. आमाला वाटलं, आमीच कुठंतरी चुकलो."

फोन ठेवला तेव्हा मला राग आला होता. त्या रागाच्या भरातच दुसऱ्या दिवशी मॅडमपुढं जाऊन उभी राहिले आणि दौंडची हकीकत सांगितली.

"दौंडचं त्या सायबांनी छापलं असतं तर तुमी हे केलं असतं का?"

ती म्हणाली, "नसतं केलं."

"मग तुमी बी झाकून ठेवा. म्हंजी उद्या आनखी कुनीतरी येईल, आन् आमाला पुन्हा शपथ घालंल. शपथ नव्हती त्या बायांनी बी खरंच लिहिलं, हे तुमाला दिसलं. ते काहीच न्हाई व्हय? दुसऱ्या फेरीच्या कागदावर मी सही करनार न्हाई."

"सरांशी बोलते मी, मावशी. पण छापतीलच असं नाही."

"नसू दे. मला मराठीत एक पान लिहून द्या. खाली तुमची सही."

तिनं दिलं. ते पान घेऊन मी ग्रामसभेत उभी राहिले. कुणाकडं न बघता वाचलं. शपथ घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या तपासणीत फरक आढळला नाही; मुद्दाम पेरून ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या चुका दोन्हीकडच्या बायकांनी पकडल्या.

आप्पा हसले. "फरकच न्हाई, तर वाचतीस काय?"

"फरक न्हाई तेच वाचतीय, आप्पा. फरक पडला असता तर बाया शपथेबिगर खोटं लिहित्यात म्हनून तुमीच मोठ्यानं वाचलं असतं. गड्यांना काम द्यायचं तर द्या, पन त्यांच्याबी वाटंत अशाच चुका पेरा, आन् बघा किती घावत्यात."

मागं बसलेल्या बायका हसल्या. त्या सभेत काम गड्यांकडं गेलं नाही.

मॅडमचं पुस्तकात छापून येईल का, मला माहीत नाही. पण ते पान मी पंचायतीच्या फळ्यावर खळ लावून चिकटवलंय. दोनदा कुणीतरी फाडलं. मी झेरॉक्स काढून ठेवल्यात, परत चिकटवते.